प्लास्टर, खडू आणि छातीवरचा बॅज: आठवण ठेवणाऱ्या पावडरीची गोष्ट

 

आजचा विषय आहे प्रकाश देणारे पदार्थ आणि त्यांच्यावर चालणारं संशोधन. विषय ऐकला की लोकांना एलईडी बल्ब आठवतात, टीव्हीचे पडदे आठवतात. ते बरोबरच आहे, त्यांच्याबद्दलही थोडं बोलू. पण परभणी जिल्ह्यात बसून हा विषय समजून घ्यायचा, तर आम्हाला सगळ्यात सोयीची जागा वाटते ती एक्स-रेची खोली. शहरातलं मोठं रुग्णालय घ्या, नाहीतर जिंतूर, सेलू, गंगाखेडचा एखादा हाडांचा दवाखाना घ्या. चित्र सगळीकडे सारखंच. पाय मोडलेला रुग्ण टेबलावर आहे, त्याच्या पायाला प्लास्टर आहे. एक्स-रे काढणाऱ्या टेक्निशियनच्या छातीवर प्लास्टिकचा एक छोटा बॅज आहे.

आता गंमत अशी, की रुग्णाच्या पायावरचं प्लास्टर आणि त्या बॅजच्या आतली पावडर हे मुळात एकच रसायन आहे: कॅल्शियम सल्फेट. शेतकऱ्यांना ते जिप्सम म्हणून माहीत आहे. चोपण जमीन सुधारायला आपण जिप्सम टाकतो, भुईमुगाला देतो. शाळेतला खडू बहुतेक वेळा त्याचाच असतो. पीओपीच्या गणेशमूर्तीही त्याच्याच. म्हणजे अगदी स्वस्त, गावोगाव मिळणारी वस्तू.

मग बॅजमध्ये वेगळं काय? दोन गोष्टी. पहिली, पाणी. जिप्सममध्ये प्रत्येक कॅल्शियम सल्फेटमागे पाण्याचे दोन रेणू असतात, प्लास्टरच्या कोरड्या पावडरीत अर्धा, आणि बॅजच्या पावडरीत अजिबात नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बॅजच्या पावडरीत डिस्प्रोसियम नावाच्या धातूचे अणू मिसळलेले असतात. तेही किती? कॅल्शियमच्या हजार अणूंमागे साधारण एखादा, बऱ्याचदा त्याहूनही कमी. एवढ्याशा भेसळीमुळे खडूची पावडर किरणोत्साराची आठवण ठेवायला लागते. आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्याचा अर्थ लावण्यासाठी आहे. कारण त्या आठवणीवर माणसांच्या तब्येतीचा हिशोब अवलंबून आहे.

उजेड दोन प्रकारचा

आधी पाया पक्का करू. उजेड तयार करायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे वस्तू तापवा. चुलीतला निखारा, जुना पिवळा बल्ब, सूर्य, हे सगळे तापल्यामुळे उजळतात. जुन्या बल्बच्या तारेचं तापमान अडीच हजार अंशांच्या आसपास जायचं. त्यात विजेचा बहुतेक भाग उष्णतेत वाया जायचा.

दुसरी रीत म्हणजे पदार्थाला दुसऱ्या कुठल्यातरी मार्गाने ऊर्जा द्यायची आणि त्याने ती प्रकाश म्हणून परत द्यायची, न तापता. याला ल्युमिनेसन्स म्हणतात. काजवा हे करतो, त्याला ऊर्जा रासायनिक क्रियेतून मिळते. ट्यूबलाइट हेच करते. तिच्या आतल्या पाऱ्याच्या वाफेतून डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि काचेला आतून लावलेली पांढरी पावडर ते शोषून दिसणारा प्रकाश देते. या पावडरीला फॉस्फर म्हणतात. नावावरून घोटाळा होतो म्हणून सांगून ठेवतो: फॉस्फरमध्ये फॉस्फरस असलाच पाहिजे असं नाही. प्रकाश देणारी पावडर, एवढाच त्याचा अर्थ.

घरातला पांढरा एलईडी बल्बही याच तत्त्वावर चालतो. त्यातली चिप खरं तर निळा प्रकाश देते. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण नुसता निळा उजेड घरात काय कामाचा? म्हणून चिपवर एका पिवळ्या फॉस्फरचा थर देतात. तो थोडा निळा प्रकाश शोषतो आणि पिवळा देतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. बल्ब बंद असताना आतला पिवळा थर तुम्ही पाहिला असेल. तो यट्रियम आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा असतो, आणि त्यातही उजेडाचं खरं काम करतो तो थोडासा मिसळलेला सीरियम.

म्हणजे इथेही तेच: मुख्य पदार्थ घर देतो आणि थोडीशी भेसळ उजेड देते. आमच्या भाषेत मुख्य पदार्थाला यजमान म्हणतात, भेसळीला सक्रियक. घर कसं आहे, खोल्या केवढ्या, शेजारी कोण, यावर पाहुणा कसा वागतो ते ठरतं. एकाच सीरियमला वेगळ्या यजमानात ठेवलं तर प्रकाशाचा रंग बदलतो. फॉस्फरवरचं बरंचसं संशोधन म्हणजे हा यजमान-पाहुण्याचा मेळ शोधणं.

एक्स-रेचा शोधच एका चमकणाऱ्या पडद्यामुळे

आता पुन्हा एक्स-रेच्या खोलीत येऊ. 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेल्म राँटगेन काळ्या कागदात झाकलेल्या नळीवर प्रयोग करत होते. थोड्या अंतरावर बेरियम प्लॅटिनोसायनाइड लावलेला एक पडदा होता. नळी सुरू केली की तो चमकायचा. नळीतून काहीतरी अदृश्य बाहेर येतंय, हे त्यांना त्या चमकण्यावरून कळलं. म्हणजे एक्स-रे पहिल्यांदा दिसले ते एका फॉस्फरच्या डोळ्यांनी.

त्यानंतर 1896 मध्ये एडिसन यांनी कॅल्शियम टंगस्टेट वापरून पाहिलं, आणि ते अनेक दशकं चाललं. फिल्मवर एक्स-रेचा थेट परिणाम फार कमी होतो. म्हणून फिल्मच्या दोन्ही बाजूंना फॉस्फरचे पडदे लावायचे. एक्स-रे पडद्यावर पडतात, पडदा उजळतो आणि त्या उजेडाने फिल्म काळी होते. यामुळे त्याच चित्रासाठी कितीतरी पट कमी एक्स-रे पुरायला लागले. 1970 च्या दशकात गॅडोलिनियमचे पडदे आले, त्यात टर्बियमची भेसळ. ते आणखी कार्यक्षम होते, त्यामुळे रुग्णाला मिळणारी मात्रा आणखी कमी झाली.

आता बऱ्याच ठिकाणी फिल्म दिसत नाही. काही ठिकाणी कॅसेटमध्ये एक प्लेट असते. ती बेरियम, फ्लोरिन आणि ब्रोमिनच्या संयुगाची, त्यात युरोपियमची भेसळ. ही प्लेट एक्स-रे पडल्यावर सगळा उजेड लगेच देत नाही, काही भाग साठवून ठेवते. नंतर यंत्रात तिच्यावर लाल लेसर फिरवला की ती निळा प्रकाश देते आणि चित्र संगणकावर येतं. आणखी नवीन यंत्रात सिझियम आयोडाइडचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यात थॅलियमची भेसळ.

हा सगळा इतिहास सांगायचं कारण एकच. फॉस्फर जितका चांगला, तितके रुग्णाला कमी किरण. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतली सुधारणा अशी थेट माणसाच्या शरीरापर्यंत पोचते.

शेततळ्याचं उदाहरण

प्लेट उजेड साठवते असं आपण म्हटलं. साठवते म्हणजे काय? इथे आम्ही मराठवाड्यातलंच उदाहरण घेतो.

पाऊस पडला की बहुतेक पाणी ओढ्यानाल्यातून वाहून जातं. पण शेतात शेततळं असेल तर थोडं पाणी त्यात अडतं. पाऊस थांबल्यावर तळ्यात किती पाणी आहे ते मोजलं, तर पाऊस किती झाला याचा अंदाज येतो, तुम्ही पावसात उभे नसलात तरीही.

स्फटिकावर एक्स-रे किंवा गॅमा किरण पडणं म्हणजे पाऊस. किरणांची ऊर्जा स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनना जागेवरून उठवते. बहुतेक इलेक्ट्रॉन क्षणात परत जागेवर येतात, ते वाहून गेलेलं पाणी. पण स्फटिकात जिथे दोष असतात, म्हणजे एखादा अणू जागेवर नाही किंवा परका अणू बसला आहे, तिथे खड्डे तयार झालेले असतात. काही इलेक्ट्रॉन, आणि ते उठल्यामुळे मागे राहिलेल्या रिकाम्या जागा, या खड्ड्यांत अडकून बसतात. ते आमचं शेततळं.

आता डिस्प्रोसियम काय करतं ते पाहा. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन भार असतात, डिस्प्रोसियमच्या आयनावर तीन. दोनच्या जागी तीन बसला की विजेचा हिशोब चुकतो. तो जुळवायला स्फटिकात मधूनमधून कॅल्शियमची जागा रिकामी राहते: तीन कॅल्शियम जातात, त्यांच्या बदली दोन डिस्प्रोसियम येतात, एक जागा मोकळी. या बेहिशोबी जागांमुळे आठवण धरून ठेवायला खड्डे मिळतात. म्हणजे भेसळीमुळे साठवायला जागा होते, आणि साठवलेलं सुटलं की प्रकाश देण्याचं कामही तोच डिस्प्रोसियम करतो. त्याचा उजेड दोन रंगांचा असतो: एक निळा, सुमारे 480 नॅनोमीटरचा, आणि एक पिवळा, सुमारे 575 नॅनोमीटरचा.

तळं उपसायला मोटार लागते. इथे मोटार म्हणजे उष्णता. स्फटिक हळूहळू तापवला की अडकलेले भार सुटतात, एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीची ऊर्जा डिस्प्रोसियम प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. तापवल्यावर मिळणाऱ्या या उजेडाला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात. टीएलडी या नावातला टीएल तो हाच, आणि डी म्हणजे डोसिमीटर, मात्रा मोजणारा. हा निखाऱ्याचा उजेड नव्हे, हे लक्षात घ्या. निखारा पुन्हा तापवला की पुन्हा उजळतो. ही पावडर एकदा तापवली की तळं रिकामं होतं. पुन्हा किरण पडल्याशिवाय दुसऱ्यांदा उजेड येत नाही.

खड्डा किती खोल, हा कळीचा प्रश्न आहे. उथळ डबकं दोन दिवसांत आटतं. कॅल्शियम सल्फेटमध्येही असे उथळ खड्डे असतात, ते 80 ते 120 अंशांच्या दरम्यान रिकामे होतात आणि खोलीच्या तापमानालाही हळूहळू गळतात. त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण मोजमापासाठी वापरतात तो मुख्य खड्डा 220 अंश सेल्सिअसच्या आसपास रिकामा होतो. परभणीचा मे महिना 44-45 अंशांवर गेला तरी 220 अजून फार लांब आहे. म्हणून उन्हाळ्याचे तीन महिने बॅज वापरला तरी आठवण फार थोडी पुसली जाते. आपल्या हवामानात हा गुण किती मोलाचा आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

तुर्भ्यापासून छातीपर्यंत

डिस्प्रोसियम मिसळलेलं कॅल्शियम सल्फेट किरणोत्सार मोजायला उत्तम आहे, हे जपानमध्ये यामाशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. भारतात मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यावर कसून काम केलं. नंबी, बापट आणि गांगुली यांचा 1974 सालचा शोधनिबंध आजही संदर्भासाठी वापरला जातो. वेगवेगळ्या दुर्मिळ मृदा धातूंची भेसळ करून कॅल्शियम सल्फेट कसं वागतं, याचा तो पद्धतशीर अभ्यास होता. त्याआधी भारतात फिल्म बॅज वापरायचे. 1975 पासून टीएलडी बॅज वापरात यायला लागला आणि पुढे त्याने फिल्म बॅजची जागा घेतली.

पावडर करायची पद्धत ऐकायला सोपी आहे. कॅल्शियम सल्फेट गरम, तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचं, त्यात डिस्प्रोसियमचं ऑक्साइड घालायचं, आणि आम्ल सावकाश उडवून द्यायचं. खाली स्फटिक उरतात. ते कुटायचे, चाळायचे आणि भट्टीत 700 अंशांच्या आसपास भाजायचे. अवघड आहे ते दर वेळी तेच आणि तसंच करणं. आम्लाची वाफ घातक असते, म्हणून हे काम वाफ ओढून घेणाऱ्या बंद कपाटातच करावं लागतं. मग पावडर टेफ्लॉनमध्ये मिसळून तिच्या चकत्या करतात. अशा तीन चकत्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवतात आणि ती पट्टी कॅसेटमध्ये जाते.

डिस्प्रोसियम जास्त घातलं तर उजेड जास्त, असं मात्र नाही. एका मर्यादेपलीकडे उजेड कमी व्हायला लागतो. परके अणू एकमेकांच्या फार जवळ आले की ऊर्जा आपसातच एकमेकांना देत बसतात आणि ती बाहेर प्रकाश म्हणून येण्याऐवजी उष्णतेत विरून जाते. मीठ चवीपुरतंच घालायचं असतं, तसं.

तीन चकत्या कशाला?

लोक विचारतात, एकाच पावडरीच्या तीन चकत्या कशाला? उत्तर त्या पावडरीच्या एका खोडीत आहे.

आपलं मांस म्हणजे मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन, म्हणजे हलके अणू. कॅल्शियम आणि गंधक त्यांच्याहून जड. कमी ऊर्जेचे एक्स-रे जड अणूंमध्ये जास्त शोषले जातात, म्हणून तर चित्रात हाड पांढरं दिसतं. हाडातही कॅल्शियमच आहे. त्यामुळे दवाखान्यातल्या एक्स-रेच्या ऊर्जेला ही पावडर शरीरापेक्षा कितीतरी जास्त किरण पकडते, काही ऊर्जांना दहापटीच्या आसपास. नुसती एक चकती वाचली तर टेक्निशियनला खूप मोठी मात्रा मिळाल्याचं खोटं चित्र उभं राहील.

म्हणून एका चकतीवर तांबं आणि ॲल्युमिनियमचं आवरण असतं, दुसरीवर प्लास्टिकचं, तिसरी उघडी. कमी ऊर्जेचे एक्स-रे धातूखाली फारसे पोचत नाहीत, गॅमा किरण तिन्ही ठिकाणी पोचतात, बीटा किरण प्रामुख्याने उघड्या चकतीवर. तिन्हींच्या उजेडाचं प्रमाण पाहिलं की किरण कुठल्या जातीचे आणि किती ऊर्जेचे होते ते कळतं. मग त्यानुसार दुरुस्ती करून खरी मात्रा काढतात. पावडरीची खोडी अशी उपयोगात आणली आहे.

तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो. तिथे चकत्यांवर सुमारे 285 अंश तापलेल्या नायट्रोजन वायूचा झोत सोडतात. साधी हवा वापरत नाहीत, कारण ऑक्सिजनमुळे खोटा उजेड मिसळू शकतो. निघालेला क्षीण प्रकाश फोटोमल्टिप्लायर नळी पकडते आणि त्यावरून मात्रा ठरते. किरणांपासून दूर ठेवलेला एक कंट्रोल बॅजही सोबत वाचतात. निसर्गातून येणारा किरणोत्सार वजा करायला तो लागतो.

आकडे किती?

मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. निसर्गातूनच, म्हणजे जमीन, आकाश, अन्न आणि हवेतल्या रेडॉनमधून, जगात माणसाला वर्षाला सरासरी सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. भारतात किरणोत्साराशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक परिषदेने घातलेली मर्यादा अशी: पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. सामान्य जनतेसाठी वर्षाला 1. नीट काळजी घेणाऱ्या बहुतेक एक्स-रे टेक्निशियनची मात्रा या मर्यादेच्या खूप खाली असते. घाबरण्याचं कारण नाही. पण ही गोष्ट आपल्याला कळते ती बॅजमुळेच.

बॅज चुकीचा वापरला तर काय?

आता मुख्य मुद्दा. टीएलडी बॅज संरक्षण करत नाही. तो ढाल नाही, तो साक्षीदार आहे. संरक्षण करतात ते तीन उपाय: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसं. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. हे सगळ्यात स्वस्त संरक्षण आहे.

साक्षीदार घटनेच्या जागी नसेल तर त्याची साक्ष काय कामाची? समजा बॅज टेबलाच्या खणात राहिला. तीन महिन्यांनी अहवाल शून्य येईल, आणि वाटेल सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात खोलीच्या दाराचं शिसं फाटलेलं असेल, टेक्निशियन रोज रुग्णाला धरून उभा राहत असेल, पण पावडरीला ते माहीतच नाही. उलटही होतं. बॅज एक्स-रेच्या खोलीतच खुंटीला लटकत राहिला, तर खोलीतले सगळे किरण त्याच्यावर जमतात आणि माणसाला न मिळालेली मात्रा त्याच्या नावावर लागते. मग चौकशी होते, घरचे धास्तावतात. दोन्ही वेळा पावडर खरंच बोलत असते. फक्त ती माणसाबद्दल बोलत नसते, खणाबद्दल किंवा खुंटीबद्दल बोलत असते.

म्हणून साधे नियम. बॅज छातीवर लावायचा. शिशाचा ॲप्रन घातला असेल तर बॅज ॲप्रनच्या आत, कारण आपल्याला शरीराची मात्रा हवी आहे. स्वतःचा बॅज दुसऱ्याला द्यायचा नाही. काम संपलं की तो किरण नसलेल्या, गार जागी ठेवायचा, कंट्रोल बॅजजवळ. तीव्र उष्णता आणि कडक ऊन टाळायचं. आणि तीन महिने झाले की वेळेवर पाठवायचा. रुग्ण स्वतः एक्स-रे काढून घेत असेल तर त्याला बॅज लागत नाही, तो ज्याचं हे रोजचं काम आहे त्याच्यासाठी.

संशोधन कुठे चाललंय?

कोणी म्हणेल, 1975 पासून बॅज चालतो आहे, मग आता संशोधन कशाला? कारण आदर्श पावडर अजून मिळालेली नाही. शरीरासारखी हलकी, कॅल्शियम सल्फेटइतकी संवेदनशील, स्वस्त आणि न विसरणारी अशी चारही गुणांची पावडर हवी आहे. लिथियम फ्लोराइड शरीराला बरंच जवळचं आहे, पण त्याच्या स्वतःच्या अडचणी आहेत. भाभा केंद्रात उष्णतेऐवजी प्रकाशाने आठवण वाचायच्या पदार्थांवरही काम झालं आहे. त्यात कार्बनची भेसळ असलेलं ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि लिथियम मॅग्नेशियम फॉस्फेट ही महत्त्वाची नावं.

आणि हे सगळं मुंबईतच चालतं असं नाही. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एस. व्ही. मोहरील, संजय ढोबळे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या पदार्थांवर दीर्घकाळ काम केलं आहे. अमरावती विद्यापीठातही फॉस्फरवर काम होतं. मोठी यंत्रं नसलेल्या महाविद्यालयांना यातली एक पद्धत विशेष सोयीची आहे. ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील यांनी 1980 च्या दशकात विकसित केली. धातूंची नायट्रेट्स घ्यायची, इंधन म्हणून युरिया घालायचा, हो, आपला शेतातलाच रासायनिक पदार्थ, फक्त शुद्ध प्रतीचा, आणि मिश्रण 500 अंशांच्या भट्टीत ठेवायचं. ते उकळतं, फसफसतं, पेट घेतं, आणि काही मिनिटांत फुगलेली ऑक्साइडची पावडर हातात येते. त्यात योग्य भेसळ असेल तर ती चमकते. परभणीच्या एखाद्या महाविद्यालयात, साध्या भट्टीवर, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली होण्यासारखं हे काम आहे. मोजमापासाठी मोठ्या विद्यापीठाकडे जावं लागेल, पण पावडर इथली असू शकते.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: मग रुग्णाच्या प्लास्टरलाही किरणांची आठवण राहते का?

प्रश्न छान आहे. नैसर्गिक कॅल्शियम सल्फेटमध्येही थोडी अशुद्धी असते, त्यामुळे थोडी आठवण राहू शकते. पण ती अगदी क्षीण. शिवाय प्लास्टर भिजवल्यावर त्यात पाणी बसतं. तापवलं की ते पाणी निघून जातं आणि स्फटिकाची रचनाच बदलते. त्यामुळे मोजण्यासाठी त्याचा उपयोग नाही. प्लास्टरला किरण लागून ते किरणोत्सारी होतं, अशीही भीती बाळगू नका. दवाखान्यातल्या एक्स-रेमुळे कुठलीही वस्तू किरणोत्सारी होत नाही.

प्रश्न: मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात ते रात्री चमकणारे तारे, ते धोकादायक असतात का?

आजचे चांगल्या प्रतीचे तारे बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचे असतात, त्यात युरोपियम आणि आपलंच डिस्प्रोसियम. त्यांचे खड्डे इतके उथळ असतात, की खोलीच्या उष्णतेनेच ते रात्रभर हळूहळू रिकामे होतात. दिवसा दिव्याने भरायचे, रात्री गळत राहायचे. यात किरणोत्सार नाही. जुन्या काळी घड्याळाच्या काट्यांना रेडियम लावायचे, तो प्रकार वेगळा आणि खरोखर घातक होता. आपण या ताऱ्यांना अजून रेडियम म्हणतो, ते नाव तेवढं मागे राहिलं आहे.

प्रश्न: माझी सून एक्स-रे विभागात काम करते. बाळंतपण जवळ असेल तर काय करायचं?

ताई, गर्भधारणा कळल्याबरोबर तिने विभागप्रमुखांना सांगायचं. तिथून पुढे गर्भासाठी मर्यादा फार कडक आहे, उरलेल्या काळासाठी फक्त 1 मिलिसिव्हर्ट. त्यासाठी कामाची जागा किंवा कामाचं स्वरूप बदलून देता येतं. नोकरी सोडायची गरज नाही. पण हा सगळा हिशोब तिच्या बॅजवरच उभा आहे. म्हणून तिला एवढं नक्की सांगा, की बॅज घरी, खणात किंवा पर्समध्ये राहू देऊ नको. कामावर असेपर्यंत तो छातीवरच असला पाहिजे.